निरोगी कासवाचं रक्त



इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात कासवाच्या रक्तावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न पत्रिका वाचताना अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर जीवशास्त्र शिकवत राहिले, एवढं उत्तरही चाललं असतं. पण मला उत्तर या गावातूनच द्यायचं आहे.

२०१२ चा उन्हाळा आठवा. काविळीची ती साथ. दवाखान्यांत जागा नव्हती, आणि घराघरांत एकच शब्द होता : बिलिरुबिन. किती आलं? कालच्यापेक्षा वाढलं का? कधी शाळेत न गेलेल्या आजीलाही तो शब्द पाठ झाला होता. हातात लॅबचा कागद, त्यावर पेशंटचा आकडा, आणि शेजारी छापलेली 'नॉर्मल'ची मर्यादा. माणसं या आकड्याकडून त्या आकड्याकडे बघत होती. त्या साथीत आपली माणसं गेली. ती साथ पाण्यातून आली होती, हेही आपल्याला माहीत आहे.

आज मला बोलायचं आहे ते शेजारी छापलेल्या त्या दुसऱ्या आकड्याबद्दल. तो येतो कुठून? कुणीतरी, कधीतरी, शेकडो-हजारो धडधाकट माणसांचं रक्त तपासून ठेवलं, म्हणून तो आला. ज्यांना काही झालेलं नव्हतं अशांचं रक्त. आजारी माणसाचा आकडा वाचता येतो तो निरोगी माणसांच्या नोंदीमुळे. माणसाच्या कागदावर ही मर्यादा छापलेली असते. गाय, म्हैस, कुत्रा यांच्या कागदावरही असते. आपल्या पंचगंगेतल्या कासवाच्या कागदावर ती जागा जवळजवळ कोरी आहे.

आता पंचगंगेकडे येऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती घेऊन ही नदी कोल्हापूरवरून आपल्याकडे येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्याचं काय झालं आहे, हे इचलकरंजीत सांगायला नको. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, आंदोलन होतं, पाण्याचे नमुने जातात. मासा मरतो कारण त्याला पाण्यातलाच प्राणवायू लागतो. कासवाचं तसं नाही. ते मान वर काढतं, हवेत श्वास घेतं आणि पुन्हा त्याच पाण्यात खाली जातं. मऊ पाठीची कासवं तर घशाच्या अस्तरातून आणि कातडीतूनही पाण्याशी देवघेव करतात. ज्या दिवशी मासे मरतात, त्या दिवशी कासव मरत नाही. त्याचा फोटो येत नाही. त्या पाण्याने त्याच्या शरीरात काय केलं, हे कळायचं तर ते कशावरून?

या नदीखोऱ्यांत एक कासव आहे, त्याच्याबद्दल दोन मिनिटं जास्त घेतो. लीथचं मऊ पाठीचं कासव. भीमा, कृष्णा, गोदावरी अशा दख्खनच्या नद्यांमधलं, मोठ्या अंगाचं, डोक्यावर काळसर रेघा असलेलं. १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याच्या नमुन्यावरून त्याची शास्त्रीय नोंद केली आणि डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. हे लीथ म्हणजे मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर १८६४ साली अहवाल लिहिणारे डॉक्टर. सांडपाणी, गटारं, पिण्याचं पाणी यांचा विचार करणाऱ्या माणसाचं नाव या कासवाला मिळालं, आणि आज ते कासव 'अतिसंकटग्रस्त' या यादीत आहे. वाघ त्या यादीत नाही. आपला हत्तीही नाही. आपल्या नदीतलं हे कासव आहे.

आता बंदिवासातल्या कासवांकडे वळतो. कासवं बंदिस्त होतात तरी कशी?

काही हौसेपोटी. काचेच्या टाकीत रुपयाएवढी हिरवी पिल्लं विकली जातात. डोळ्यामागे लाल पट्टा असतो. ते अमेरिकेतलं रेड इअर्ड स्लायडर. आपल्याकडचं नव्हेच. काही श्रद्धेपोटी : देवळाच्या कुंडात, वाड्याच्या आडात सोडलेली. काही लोभापोटी. 'वीस नखी कासव' हा शब्द तुम्ही बातम्यांत वाचला असेल. पैशांचा पाऊस पाडतो म्हणून लाखांचे सौदे होतात. आपल्या मऊ पाठीच्या कासवाला दर पायाला तीनच नखं बाहेर दिसतात, चार पायांची मिळून बारा. पण लोभाला मोजणी कुठे येते? आणि काही कासवं तस्करीत सापडलेली. त्यात स्टार कासव सगळ्यांत जास्त. गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तमिळनाडूकडच्या कोरड्या माळावरचा हा प्राणी पोत्यात, सुटकेसमध्ये, मोज्यात कोंबून नेतात. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत आला.

पकडलेली कासवं मग जातात कुठे? ती 'मुद्देमाल' होतात. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत प्राणिसंग्रहालयात किंवा उपचार केंद्रात राहतात. वेगवेगळ्या मुलखांतली, वेगवेगळ्या टोळ्यांकडून आलेली कासवं एका आवारात. तिथून पुढे माझा विषय सुरू होतो.

माझं पहिलं म्हणणं असं की, कासव आजार लपवतं, आणि फार चांगलं लपवतं.

रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी उरत नाही, म्हणून सगळेच प्राणी लपवतात. कासवाला त्यातही दोन सोयी आहेत. एक पाठ, दुसरी संथ चाल. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर घर हलतं. कासव दोन आठवडे जेवलं नाही तर "थंडी आहे, खात नसेल" म्हणून आपण गप्प बसतो. सहन करण्याची त्याची ताकद किती असावी? अमेरिकेत डोनाल्ड जॅक्सन या शास्त्रज्ञाने पेंटेड टर्टल या गोड्या पाण्यातल्या कासवावर अनेक वर्षं काम केलं. बर्फाखालच्या तळ्यात, तीन अंश तापमानाला, हे कासव प्राणवायूशिवाय महिनोन् महिने जगतं. श्वास नाही म्हटल्यावर शरीरात लॅक्टिक आम्ल साचतं. आपण तर त्यात काही मिनिटांत संपू. कासव ते आम्ल स्वतःच्या पाठीत मुरवतं. पाठीच्या हाडातला चुना विरघळून रक्तात येतो, आम्ल मारतो, आणि उरलेलं आम्ल पाठीतच साठवलं जातं. आपण ज्याला ढाल म्हणतो, तो या शरीराचा औषधाचा साठा आहे. ती पाठ जिवंत आहे. तिच्यात हाड आहे, रक्त आहे, वेदना आहे. कासवाच्या पाठीला भोक पाडून दोरी बांधणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

इतकं सोसणारं शरीर जेव्हा बाहेरून आजारी दिसतं, तेव्हा आजार फार पुढे गेलेला असतो. माझ्या टेबलावर येणारी घरातली कासवं बहुतेक एकाच रूपात येतात. प्लास्टिकचा टब, तळाला बोटभर पाणी. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. बोटाने दाबली तर दबणारी पाठ. काय खायला घालता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : चुरमुरे, चपाती, कधी भात. ऊन? घरात असतं, सावलीत. सुजलेले डोळे बहुतेक वेळा 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने, मऊ पाठ कॅल्शियमच्या आणि थेट उन्हाच्या अभावाने. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नसतं, त्यातला लागणारा अतिनील किरणांचा भाग काच अडवते. आणणारी माणसं प्रेमळ असतात. रडतात. मी त्यांना दोष देत नाही, विकणाऱ्याने त्यांना काहीच सांगितलेलं नसतं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये तीस माग चालू असताना मागांची देखभाल करणारा एखादा जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो, पलीकडच्या ओळीतल्या मागात बिघाड होणार आहे. कासवाचा असा आवाज म्हणजे त्याचं रक्त. ते ऐकायचं कसं, हा माझा दुसरा मुद्दा. इथे थोडं रेंगाळतो, कारण ही गोष्ट सहसा कुणी दाखवत नाही.

आधी वजन. वजनाशिवाय सुई हातात घ्यायची नाही. कासवाच्या अंगात वजनाच्या साधारण पाच ते आठ टक्के रक्त असतं आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर काढायचं नाही. म्हणजे शंभर ग्रॅमच्या कासवाचं अर्धा मिलिलिटर, फार तर थोडं जास्त. आजारी असेल तर त्याहूनही कमी. तीस-चाळीस ग्रॅमचं पिल्लू असेल तर थेंबांतच काम भागवायचं.

मग मान. मदतनीस कासव धरतो, डोकं खालच्या बाजूला किंचित कलतं ठेवतो, आणि आपण वाट बघतो. ओढाताण करायची नाही. कासवाने मान आत घेतली तर ती ओढून काढण्याइतका अघोरीपणा दुसरा नाही, आणि ती निघतही नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच डोकं बाहेर काढतं. जबड्याच्या मागे दोन बोटांनी हलकेच धरायचं, मान लांब करायची. कानाच्या पडद्यापासून मानेच्या मुळाकडे जाणारी गळ्याची शीर दिसते. उजवीकडची बहुधा मोठी असते. बारीक सुई, एक मिलिलिटरची सिरिंज, हलका ओढा. जोरात ओढलं तर शीर मिटते. सिरिंजमध्ये आधी पाण्यासारखा द्रव आला तर ते रक्त नव्हे, लसिका. कासवात लसिकेच्या वाहिन्या शिरांना बिलगून असतात. तसा नमुना तपासला तर धडधाकट कासवाला पंडुरोग असल्याचा रिपोर्ट येईल. तो नमुना टाकून द्यायचा. ज्या कासवाची मान मिळतच नाही त्याच्या पाठीच्या पुढच्या कडेखालून, मानेच्या वरच्या बाजूला, एक शिरांचं जाळं सापडतं. समुद्री कासवांसाठी मानेच्या पाठीमागची जागा वापरतात.

रक्त निघाल्यावर अंगठ्याने दाबून धरायचं, चांगली दोन-तीन मिनिटं. आणि पहिला थेंब लगेच काचेवर, काहीही न मिसळता. का? लॅबमध्ये माणसाचं रक्त ज्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, तिच्यातलं ईडीटीए अनेक कासवांच्या लाल पेशी फोडतं. नमुना सरबतासारखा लाल होऊन बसतो. म्हणून उरलेलं रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं. पण हेपॅरिनमध्ये राहिलेल्या पेशी गुठळतात आणि रंगवल्यावर सगळं निळसर दिसतं, म्हणून काच आधी. या एवढ्याशा क्रमावर सगळी तपासणी उभी असते. गावोगावी चांगले तंत्रज्ञ आहेत, पण त्यांच्याकडे हे रक्त नेहमीच्या नळीत जातं आणि तिथेच वाया जातं.

आता काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. माणसाच्या लाल पेशी तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिल्या असतील : गोल, मधे खोलगट, आत केंद्रक नाही. कासवाची लाल पेशी लंबगोल असते आणि तिच्या मधोमध केंद्रक असतं, गडद जांभळं. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी मान वर करून माझ्याकडे बघतो, ते मला फार आवडतं. या पेशी दमाच्या असतात. माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. काही कासवांत ती ६०० ते ८०० दिवस जगलेली नोंदवली आहे. म्हणून रक्त गेलेलं कासव भरून यायला फार वेळ घेतं, आणि उपचार करणाऱ्याला चिकाटी लागते. लाल पेशीच्या आत कधीकधी एक लांबट परजीवी वळकटी करून पडलेला असतो. हिमोग्रेगरिन. जळवांतून येतो. नदीतल्या कासवांत तो बऱ्याचदा सापडतो आणि त्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. उपासमारीत, गर्दीत, थंड टाकीत मात्र त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

पांढऱ्या पेशींत माणसाच्या न्यूट्रोफिलच्या जागी कासवाकडे हेटेरोफिल असतात, आत नारिंगी-गुलाबी काड्यांसारखे कण. जंतुसंसर्ग झाला की त्यांची संख्या वाढते, पण संख्येपेक्षा त्यांचं रूप जास्त बोलतं. कण विरघळायला लागतात, पेशी निळसर पडते, आत पोकळ्या दिसतात. कासव अजून चालतंय, पानं कुरतडतंय, आणि काचेवर मात्र लढाई सुरू झालेली असते. या हेटेरोफिलमुळेच कासवाचा पू पातळ होत नाही, घट्ट गोळाच बनतो. कानाच्या जागी गाठ येते, तिच्यावर नुसतं औषध चालत नाही, ती कापून काढावी लागते.

मशीनचं काय? लॅबमधलं मशीन माणसाच्या रक्तासाठी बनलेलं. त्याला केंद्रक असलेली पेशी दिसली की ते तिला पांढरी समजतं. कासवाची प्रत्येक लाल पेशी त्याच्या लेखी पांढरी. असा रिपोर्ट बघितला तर वाटेल, या कासवाला रक्ताचा कर्करोग आहे! म्हणून इथे मोजणी हाताने. काचेच्या चौकटीत, चौकोना-चौकोनाने, डोळा लावून. त्यासाठी जे जांभळं द्रावण वापरतात ते नॅट आणि हेरिक या दोघांनी १९५२ साली कोंबडीच्या रक्तासाठी तयार केलं. कोंबडीच्याही लाल पेशीत केंद्रक असतं. म्हणजे ज्या पशुवैद्यकाने कोंबड्यांचं रक्त मोजलं आहे, त्याला कासवाचं मोजायला नवं काही घ्यावं लागत नाही. कुक्कुटपालनाच्या या पट्ट्यात ही विद्या आपल्या दारात आहे.

आणि बिलिरुबिन? ज्या शब्दाने आपण सुरुवात केली, तो कासवाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. जुनं रक्त मोडलं की माणसाच्या शरीरात आधी हिरवं रंगद्रव्य बनतं, बिलिव्हर्डिन, आणि मग त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. कासवाच्या शरीरात ही गाडी बहुतांशी हिरव्यावरच थांबते. त्याचं यकृत बिघडलं तर रक्तद्रव पिवळा होत नाही, हिरवा होऊ शकतो. आणि गाजर-पालेभाजी खाणाऱ्या धडधाकट कासवाचा रक्तद्रव मात्र पिवळाधमक दिसतो. माणसाच्या डॉक्टरला दाखवलं तर निरोगी कासवाला तो काविळीचं औषध देईल. माणसाचं शहाणपण कासवावर जसंच्या तसं लावायचं नाही, हे मी याहून स्पष्ट सांगू शकत नाही. माणसाच्या मूत्रपिंडासाठी आपण क्रिएटिनिन बघतो, कासवासाठी ते कामाचं नाही, तिथे युरिक आम्ल बघायचं. आणि तेही कधी? मांसाहारी कासव नुकतंच जेवलं असेल तर त्याचं युरिक आम्ल तसंही वाढलेलं असतं.

हे सांगताना मी नकळत तिसऱ्या मुद्द्यावर आलो आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. आकडा कुणाचा?

एक मादी आहे. तिचं कॅल्शियम दुप्पट आलं. प्रथिनं वाढलेली, चरबी वाढलेली. आजारी आहे का? नाही, तिच्या पोटात अंडी तयार होत आहेत. यकृतातून अंड्याच्या बलकाचा माल रक्तात उतरला आहे आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम. हेच आकडे नराच्या रक्तात आले तर धोक्याची घंटा. म्हणजे नर की मादी हे न लिहिता पाठवलेला नमुना अर्धा मुका. जानेवारीत पांढऱ्या पेशी कमी आल्या. आजार? की थंडी? तापमान उतरलं की या प्राण्याचं सगळं शरीर मंदावतं, प्रतिकारशक्तीसुद्धा. मे महिन्यातला आकडा जानेवारीला लावता येत नाही. स्टार कासव पाला-गवत खातं, मऊ पाठीचं फ्लॅपशेल कासव बेडूक-गोगलगाईही खातं, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि एक फसवी जागा आहे ती सांगायलाच हवी. पाठ मऊ पडलेल्या कासवाचं कॅल्शियम तपासलं तर ते कित्येकदा ठीक येतं. कसं? कारण रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी शरीर हाडं खाली करत असतं. हृदय चालायला हवं, स्नायू चालायला हवेत, मग पाठ विरघळली तरी चालेल. कागदावर सगळं नॉर्मल आणि हातात प्राणी पिचलेला. म्हणून कॅल्शियमसोबत फॉस्फरस बघायचं, एक्स-रे काढायचा, बोटाने पाठ चाचपायची. मी रक्ताचा पुरस्कार करतो आहे, पण नुसत्या रक्तावर निदान करणाऱ्या माणसाकडे मी माझं कासव देणार नाही.

कासवाची प्रकृती जोखायला वापरतात त्या वजन आणि लांबीच्या गुणोत्तराचंही तसंच, एका जातीचं दुसरीला लावता येत नाही. ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यकाने भूमध्य सागराकडच्या दोन जातींसाठी एक आलेख बनवला, खूप उपयोगी पडला. तो आपल्या उंच पाठीच्या स्टार कासवाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाने सदरा शिवणं. असो.

सांगायचं हे की नोंदी हव्यात, आणि त्या आपल्या जातींच्या, आपल्या ऋतूंतल्या, आपल्या पाण्यातल्या हव्यात. आणि निरोगी प्राण्यांच्या हव्यात. इथे माणसं मला अडवतात. धडधाकट कासवाला सुई कशाला टोचायची? मी म्हणतो, तुम्ही स्वतः रक्तदान शिबिरात जाता, तेव्हा तुमच्याही बोटातून थेंब घेतातच ना? उपचार केंद्रात एखादं कासव बरं झालं, सोडायची तारीख ठरली, त्या दिवशी त्याचे चार थेंब घेऊन ठेवले तर त्याचं काही जात नाही. पुढे येणाऱ्या शंभर कासवांना मात्र त्या कागदावर एक आकडा मिळतो. असे बरे झालेले प्राणी दर वर्षी हातातून जातात आणि त्यांच्याबरोबर नोंदही नदीत जाते. याची मला खरोखर खंत वाटते.

महाराष्ट्रात काम होत नाही असं नाही. डहाणूला वनखातं आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था मिळून जखमी समुद्री कासवांवर उपचार करतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारी, जाळ्यात पाय तुटलेली ऑलिव्ह रिडले कासवं तिथे बरी होऊन परत समुद्रात गेली आहेत. मंडणगडच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखली, आणि २०२२ च्या जानेवारीत त्याच किनाऱ्यावरून 'प्रथमा' नावाची मादी पाठीवर उपग्रह यंत्र घेऊन समुद्रात गेली. समुद्राच्या कासवाला महाराष्ट्राने इतकं प्रेम दिलं. नदीच्या कासवाच्या वाट्याला ते अजून आलेलं नाही. त्याला ना किनारा आहे, ना वेळाससारखा कासव महोत्सव.

आणि नदीत कासव सोडण्याच्या घाईबद्दल बोलल्याशिवाय मला हे व्याख्यान थांबवता येणार नाही. पकडलेलं कासव जवळच्या तळ्यात सोडून दिलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. पुण्याचं काम वाटतं. आहे का?

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात भूकासवांना श्वासाचा आजार झाला. नाक वाहायचं, कासव खंगायचं. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यामागे सापडला. लोकांनी घरात पाळलेली आजारी कासवं वाळवंटात सोडून दिली आणि आजार त्यांच्याबरोबर पसरला, असा दाट संशय तिथल्या अभ्यासकांना आला. १९८९ साली त्या जातीला तातडीने संरक्षण द्यावं लागलं, त्यामागच्या कारणांत हा आजारही होता.

दुसरी गोष्ट नदीची आहे, म्हणून माझ्या जास्त जिव्हारी लागते. ऑस्ट्रेलियात बेलिंजर नावाची छोटी नदी आहे. जगात फक्त त्याच नदीत राहणारं एक कासव. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथे नौकाविहार करणाऱ्यांना डोळे सुजलेली, मरायला टेकलेली कासवं दिसली. काही आठवड्यांत नदीतली बहुतेक सगळी प्रौढ कासवं गेली. पुढे एक नवा विषाणू सापडला. तिथल्या लोकांनी काय केलं? नदीच्या वरच्या अंगाला अजून निरोगी असलेली मोजकी कासवं शोधून काढली, तपासली, वेगळी ठेवली, आणि सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास केली. त्या जातीचं आज जे काही उरलं आहे, त्यात त्या मोजक्या तपासलेल्या प्राण्यांचा मोठा वाटा आहे. आता मला सांगा, उद्या कृष्णा-पंचगंगेत असं काही झालं, तर 'निरोगी' कुणाला म्हणायचं हे आपण कशावरून ठरवणार? कोणत्या कागदाशी ताडून बघणार?

घरात स्लायडर असलेल्यांना एक विनंती. कंटाळा आला म्हणून ते पंचगंगेत किंवा रंकाळा तलावात सोडू नका. ते इथे तगतं, वाढतं आणि आपल्या कासवांची जागा घेतं. ते हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू सहज असतो, आणि मुलं आजारी पडतात म्हणूनच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली. आणि भारतीय जातीचं कासव कुणाच्या आडात, टाकीत असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. फोन करा. लपवून ठेवणं गुन्हा आहे, आणि त्या कासवाचे रोजचे हाल आहेत.

शेवटचं मागणं वनखात्याकडे आणि पशुवैद्यकांकडे आहे. कासवं जप्त होतात तेव्हा पंचनामा होतो. त्यात नग लिहिले जातात. माझी मागणी आहे की त्या कागदाबरोबर दुसरा कागद जोडावा : जात, नर की मादी, वजन, पाठीची लांबी, कुठून आलं, कोणत्या महिन्यात, आणि रक्ताच्या काचेचा क्रमांक. सोडण्याच्या दिवशी पुन्हा एकदा तेच. काचा मेथॅनॉलमध्ये पक्क्या करून पेटीत ठेवल्या तर पुढेही वाचता येतात. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईला परळचं १८८६ पासूनचं महाविद्यालय आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. इथे एक विषय वाट बघत पडलेला आहे. लागतं काय? एक चांगला सूक्ष्मदर्शक, हेपॅरिनच्या नळ्या, मोजणीची काच, काचा ठेवायची लाकडी पेटी, आणि सही करून तारीख घालणारा एक माणूस. या जिल्ह्यात ते काम सुरू व्हावं म्हणून माझा सूक्ष्मदर्शक आणि माझे शनिवार-रविवार मी द्यायला तयार आहे. वनखात्यातले जे अधिकारी आज श्रोत्यांत बसले आहेत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला भेटावं. कागदाचा नमुना मी सोबत आणला आहे.